शनिवारचा फोन

मखलूफनं भिंतीतून टेलिफोनची पिन उपसली, वायर नीट गुंडाळून फोनशेजारी ठेवली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. मग पुन्हा पुढे होऊन रिसीव्हर कानाला लावला. आत काहीच नव्हतं, साधी घरघरसुद्धा नाही. तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

"झालं का तुझं?" सोलिकानं स्वयंपाकघरातून विचारलं. "रात्रभर शिजायच्या दफीन्याच्या पातेल्यात काय ते बघून घे. एकदा शेगडीवर चढवलं की उद्या दुपारपर्यंत मी झाकण उघडणार नाही."

तो गेला आणि डोकावला. गहू, बटाटे, मांस, वर सालासकट अंडी. सगळं जिथल्या तिथे होतं. तरी त्यानं चमच्यानं गहू थोडे हलवून पाहिले. सोलिका कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पंचवीस वर्षांत तिच्या पातेल्यात त्याला एकदाही काही सापडलं नव्हतं आणि पंचवीस वर्षांत त्यानं एकदाही बघायचं सोडलं नव्हतं.

त्यात त्याचा दोष नव्हता, धंदाच तसा होता. वाळवंटातल्या येरुहाम गावाबाहेर जो कारखाना आहे, त्याच्या कँटीनमध्ये मखलूफ बावीस वर्षं कोशेर-तपासनीस होता. शिजणारं अन्न धर्माच्या नियमात बसतं की नाही हे बघायचं आणि सही करायची. तांदूळ तीनदा निवडायचे, पालेभाजीचं पान न् पान उजेडासमोर धरायचं, एकेक अंडं वेगळ्या वाटीत फोडून आत रक्ताचा ठिपका नाही ना हे पाहायचं. कधी दुपारी अडीचला, कधी पहाटे, न सांगता कोठीत जाऊन उभं राहायचं. आचारी त्याच्या माघारी त्याला 'एक्सरे' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. जगात फसवायला टपलेल्या गोष्टी पुष्कळ असतात आणि त्या बहुतेक झाकणाखाली असतात, एवढं शहाणपण नोकरीनं त्याला दिलं होतं.

आता मात्र तपासणी त्याच्याच घरावर येऊन ठेपली होती. सिगलितला, त्याच्या धाकट्या मुलीला, अठरा पूर्ण झाली होती. अठराव्या वर्षी सैन्याचं बोलावणं जसं मुलाला येतं तसं मुलीलाही येतं. मुलाला त्यातून सुटका नाही. मुलीनं मात्र आपण धर्म कसोशीनं पाळतो असं प्रतिज्ञापत्र दिलं, तर तिला सूट मिळते. जूनमध्ये मखलूफ तिला बीरशेबाच्या धर्मन्यायालयात घेऊन गेला. सोलिकाही आली होती, पण "आत दोघं पुरे" असं म्हणून त्यानं तिला बाहेर बाकावर बसवलं. न्यायाधीशांनी विचारलं, "मुली, स्वतःच्या मर्जीनं करते आहेस ना?" सिगलितनं बापाच्या बुटांकडे पाहिलं आणि मान हलवली. सही झाली. येताना मखलूफनं तिला आइस्क्रीम घेऊन दिलं, लहान असताना सुई टोचून आणल्यावर देत असे तसंच.

पण सैन्यही काही दुधखुळं नव्हतं. खोट्या सह्या करणाऱ्या मुली काही कमी नव्हत्या. म्हणून ज्यांनी सह्या केल्या त्यांच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी, शनिवारी दुपारी, शब्बाथचा विसावा चालू असताना मुद्दाम फोन येत. त्या काळात यंत्राला, विस्तवाला हात लावायचा नसतो. शब्बाथात फोन उचलणारी मुलगी कसली धर्म पाळते? गावातल्या एका दुकानदाराची मुलगी अशीच सापडली होती. फोनवर कुणी गोड आवाजात तिला बक्षीस लागल्याचं सांगितलं, आणि पत्ता सांगता सांगता ती सैन्यात गेली.

गेल्याच शुक्रवारी मखलूफच्या घरी जेवणाच्या ऐन मध्यात फोन वाजला होता. आशीर्वादाचा प्याला फिरून झाला होता, मासळी वाढली होती. चौघंही हातातला घास हातात धरून बसले. सात वेळा, आठ वेळा, अकरा वेळा. थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"उचला की," थोरला दोरोन म्हणाला. "सांगू या त्यांना, पोरगी साध्वी झालीये म्हणून."

"गप्प बस."

"का म्हणून? मला केला होता का कुणी असा फोन? टोपी मीपण घालतो. प्रार्थना मीपण म्हणतो. मला तीन वर्षं लेबनॉनच्या चिखलात बसवलं, आणि हिची एका सहीत सुटका? रेडिओवर त्या बायका समान हक्क, समान हक्क करत असतात ना? मग घ्या म्हणावं समान चिखल."

सिगलित काहीतरी पुटपुटली. फोनच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. सोलिका तेवढी तिच्याकडे बघत राहिली.

मखलूफ दोरोनला रागावला नाही. रागावणं त्यानं सोडूनच दिलं होतं. सैन्यातून सुटून पोराला पाच महिने झाले होते, तरी शेजारी कुणाचं दार आपटलं की तो उठून उभा राही आणि मग उगाच पाणी प्यायला उठल्यासारखं करी. झोपताना बूट उशाशी लागत. पोरगा गेला होता तो परत आला होता, पण अख्खा आला नव्हता. मखलूफला हे बोलून दाखवता येत नसे. सिनेगॉगात प्रार्थनेला जमलं की तो सगळ्यांना सांगायचा की मुलींनी परपुरुषांत राहणं धर्माला मान्य नाही, म्हणून सही केली. ते खरंच होतं. पण त्याच्या खाली दुसरं खरं होतं, की एक दिला, आता दुसरं द्यायची छाती नाही.

म्हणून या शुक्रवारी त्यानं पिनच काढून टाकली. मोह नको, चूक नको. दोरोन सकाळीच एइलातला गेला होता, तिथल्या हॉटेलात शनिवार-रविवार नुसतं राखण बसायचं, शब्बाथात चालणारं काम मिळालं होतं. मखलूफनं स्वतः त्याला बसमध्ये बसवून दिलं होतं. तेवढीच एक काळजी कमी.

सोलिकानं गच्चीतून चादरी आणल्या आणि पलंगावर टाकल्या. वाळवंटातल्या उन्हात कपडा तासाभरात कडकडीत वाळतो. ती चादरीची घडी घालायची ते बघण्यासारखं असे. आधी निऱ्या घालाव्यात तशी ती पट्ट्या पट्ट्यांनी दुमडायची, मग कोपरापासून मनगटापर्यंतचा हात त्यावरून दाबत न्यायची. लग्न ठरलं तेव्हा एकदा तिनं सांगितलं होतं की तिला सैन्यात जाऊन पॅराशूटच्या घड्या घालायच्या होत्या. ते काम मुलींचंच असतं. एक सुरकुती चुकली तर उडी मारणारा जिवानिशी जातो, म्हणून जिनं घडी घातली तिनं खाली आपली सही करायची असते. पण तिचे वडील तिला धर्मन्यायालयात घेऊन गेले, तिला बाहेर बाकावर बसवून आतलं सगळं आपणच बोलून आले आणि तो विषय तिथेच संपला. मखलूफ तेव्हा हसून म्हणाला होता, "आता माझ्या शर्टांच्या घाल घड्या." विनोद काही वाईट नव्हता. तीही हसली होती.

"मी सिनेगॉगात निघतो," तो म्हणाला. "सिगलित, उशीर करू नकोस."

"आलेच बाबा."

शब्बाथ छान पार पडला. शनिवारी सकाळी तो आणि सिगलित सिनेगॉगात गेले. सिगलित तिथे अंगणात लहान मुलांना घेऊन बसायची, गोष्टी सांगायची, गाणी म्हणून घ्यायची. आत प्रार्थना चालू असताना खिडकीतून तिचा आवाज त्याच्या कानावर येत होता, आणि त्याचा ऊर भरून येत होता. अशा मुलीला कुणी चिखलात पाठवतं का?

संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले. वेणीची मेणबत्ती पेटवून, मसाल्याची डबी हुंगून शब्बाथ सरल्याची प्रार्थना झाली, आणि मखलूफ फोनपाशी गेला. खाली वाकला. तसाच वाकलेला राहिला.

पिन भिंतीत होती.

"याला कुणी हात लावला?"

"कशाला?" सिगलितनं विचारलं. ती खरोखरच गोंधळलेली दिसली. पण आचारीसुद्धा असेच गोंधळलेले दिसतात.

"विसरला असशील काढायला," सोलिका मेणबत्ती विझवत म्हणाली.

मखलूफ विसरला नव्हता. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. रात्रभर तो हिशोब मांडत होता. मैत्रिणीला फोन करायला पिन सिगलितनं लावली असेल? सिगलित शब्बाथ मोडेल? शेजारच्या ल्युदमिलाकडे घराची किल्ली असते, तिची मुलगी इन्ना सैन्यात आहे, तिच्या डोळ्यांत सिगलितची सही खुपत नसेल कशावरून? आणि मुळात हे घर तपासण्याजोगं आहे, हे त्या लोकांना सांगितलं कुणी? गेल्या आठवड्यात फोन आला तो नेमका जेवताना कसा आला?

पुढच्या शुक्रवारी त्यानं कँटीनची रीत घरात आणली. परक्याच्या हातून मांस पाठवायचं तर त्यावर दोन शिक्के लागतात, एक दिसणारा आणि एक लपलेला. पिन काढून त्यानं भिंतीवरच्या भोकांवर आपल्या सहीची कागदी पट्टी चिकटवली. मग कुणाचं लक्ष नाहीसं बघून रिसीव्हरखाली मसुरीचा एक दाणा ठेवला. रिसीव्हर उचलला तर दाणा घरंगळणार.

लक्ष होतं. सोलिका दारात उभी होती.

"घराला शिक्का?" तिनं विचारलं.

"घराला नाही. फोनला."

"फोन घरातच आहे, मखलूफ."

शनिवारी संध्याकाळी पट्टी जशीच्या तशी होती. दाणाही जागचा हलला नव्हता. त्याला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर चोर सापडला नाही याचं थोडं वाईटही वाटलं.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. मंगळवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. सिगलितनं पाकीट फोडलं, उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं आणि टेबलावर ठेवून दिलं. मखलूफनं चष्मा चढवला. 'आपल्या प्रतिज्ञापत्राबाबत शंका उत्पन्न झाली आहे. अमुक तारखेच्या शनिवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आपल्या निवासस्थानी दूरध्वनी केला असता तो उचलण्यात आला, व आपण मित्रमंडळींसह मोटारीने अश्कलोन येथे समुद्रावर गेल्याचे सांगण्यात आले. तरी आठ दिवसांत लेखी खुलासा करावा व दिलेल्या तारखेस स्वतः हजर राहावे. अन्यथा सूट रद्द समजण्यात येईल.'

तारीख पिनेच्या शनिवारची होती. शिक्का एक आठवडा उशिरा लागला होता.

सिगलित ताटं धुवायला लागली. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, हे त्यानं टिपलं.

"तू काही बोलत का नाहीस?"

"काय बोलू?"

"तुला आनंद झालाय का?"

नळ चालूच राहिला. "बाबा, अकरा चाळीसला मी कुठे होते ते तूच सांग."

त्याला सांगावं लागलं नाही. प्रार्थनेच्या शेवटाकडे खिडकीतून येणारं गाणं, चिमण्या आवाजांच्या वरती तिचा आवाज, त्याच्या कानात अजून होतं. तो ओशाळला. पण ओशाळून संशय जात नाही, तो नुसता जागा बदलतो.

त्यानं दोरोनच्या खोलीचं दार ढकललं.

"चुगली तू केलीस."

दोरोन पलंगावर पडल्या पडल्या छताकडे बघत होता. पत्र वाचून झाल्यावर त्यानं ते बापाच्या हातात परत दिलं.

"त्या शनिवारी मी एइलातला होतो. तूच बसमध्ये बसवलंस, हात हलवलास, सँडविच खा म्हणालास."

"कुणाला तरी सांगितलं असशील. मित्रांना. तुझा राग आहे ना तिच्यावर?"

"तिच्यावर?" दोरोन उठून बसला. "बाबा, हे लोक यादीतल्या सगळ्यांना फोन करतात. तुझ्यासारखेच आहेत ते, सगळी पातेली उघडतात. आणि माझा राग तिच्यावर नाही. तिला रणगाडा शिकवणाऱ्या तुकडीत घेतलं होतं, माहीत आहे तुला? चाचणीत पहिली आली म्हणून पत्र आलं होतं. स्वेटरांच्या खाली ठेवलंय तिनं."

"मुलगी? रणगाडा शिकवणार? पुरुषांना?"

"मला एका मुलीनंच शिकवला. नीट शिकवला म्हणून इथे बसून तुझ्या शिव्या खातोय."

मखलूफ पाठ फिरवून बाहेर पडला. तो जिना उतरून ल्युदमिलाच्या दाराशी गेला. ती दवाखान्यात परिचारिका होती, नुकतीच येऊन पायाला तेल लावत बसली होती. त्यानं किल्लीचा विषय काढला आणि तिनं तेलाची बाटली बंद केली.

"म्हणजे मी तुमच्या घरात शिरून तुमचे फोन उचलते?"

"तसं नाही. नुसतं विचारतोय."

"विचारा ना. माझी इन्ना दोन वर्षं उत्तरेला आहे. तुमच्या मुलीनंही जावं असं मला वाटतं का? वाटतं. तोंडावर सांगते. काचेच्या भांड्यासारखी जपलेली लेक फक्त तुमच्याच घरात नाही. पण शनिवारी माझी दवाखान्यात पाळी असते, अख्ख्या गावाला माहीत आहे." तो वळला तशी ती मागून ओरडली, "आणि किल्ली कशाला लागते हो? शनिवारी सोलिका घरीच असते की!"

तोवर तो अर्धा जिना चढला होता. ल्युदमिलाची पाळी असते, एवढंच त्याच्या मनानं घेतलं. आणखी एक नाव यादीतून गेलं.

घरी आला तेव्हा सिगलित शिकवणीला निघून गेली होती, दोरोनही बाहेर पडला होता. सोलिका बैठकीत वाळलेल्या चादरींचा ढीग घेऊन बसली होती. मखलूफनं टेबलावर कोरा कागद ठेवला. खुलासा लिहायलाच हवा होता. एक बरं होतं, सत्य त्याच्या बाजूनं होतं. सत्य असलं की लिहिताना हात कापत नाही. लिहिता लिहिता तो मोठ्यानं बोलत होता, ही त्याची जुनी सवय.

"मी, मखलूफ, कोशेर-तपासनीस, शपथेवर लिहून देतो की सदर शनिवारी सकाळी मी व माझी मुलगी सिनेगॉगात होतो. साक्षीला पन्नास माणसं आहेत. माझा मुलगा एइलातला होता. त्याचा मालक साक्ष देईल. शेजारीण कामावर होती. सबब फोन चुकून दुसऱ्याच घरी लागला असला पाहिजे, कारण त्या वेळी आमच्या घरात कुणीही नव्हतं."

"तसं लिहू नकोस," सोलिका म्हणाली.

"का?"

"शपथेवर लिहितो आहेस. खोटं होईल."

"त्यात काय खोटं? एकेक माणूस मोजलंय मी."

सोलिकानं चादर मांडीवर ठेवली.

"मी होते."

पेनाचं टोक कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. त्याच्याखाली शाईचा ठिपका पसरत गेला.

"तू..." तो म्हणाला. "तू तर..."

"मी दर शनिवारी असते. गुडघे धरल्यापासून पाच वर्षं झाली. तुम्ही येता तेव्हा टेबल मांडलेलं असतं ना? ते कोण मांडतं?"

"मग फोन?"

"वाजला. उचलला."

"आणि पिन?"

"तू शुक्रवारी गेल्यावर लावली, मेणबत्त्या पेटवायच्या आधी. तेवढं तरी नियमात होतं. उचलला मात्र शब्बाथात. ते पाप माझं. प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, येतोच आहे, माझं मी बघून घेईन."

शब्बाथच्या दिवशी हिनं कधी कागद फाडला नव्हता. एकदा पावसात भिजत घरी आली होती, पण छत्री उघडली नव्हती. तिचा चेहरा त्यानं परातीतले तांदूळ बघावेत तसा कणाकणानं पाहिला आणि त्याला कळलं की हे झाकण आपण कधी उघडलंच नव्हतं. पातेली तेवढी उघडली.

"अश्कलोन कुठून काढलंस?"

"पहिलं सुचलं ते बोलले. मला कुठे सवय आहे खोटं बोलायची? पलीकडे एक पोरगीच होती, सिगलितच्या वयाची. मी उचलल्यावर तिलाच काही सुचेना. सकाळपासून कुठल्याच घरी तिचा फोन कुणी उचलला नसणार. 'शब्बाथ शालोम मावशी' म्हणाली, आणि मग गप्पच. मीच म्हटलं, लिही बाळ, काय लिहायचं ते."

"का पण?" आपल्याला रडू येईल अशी भीती त्याला वाटली. "एक दिला ना आपण? दोरोनकडे बघतेस ना तू? पुरे नाही का तेवढं? दुसरीला काही झालं तर?"

"दोरोनकडे मी रोज बघते. रात्री उठून बघते. त्याला पाठवलं त्या दिवशी तू कँटीनमध्ये केक वाटला होतास. त्याच्यासाठी तुला एकही नियम सापडला नव्हता, मखलूफ. तिच्यासाठी सापडला."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं. दोघांनीही दोरोनच्या खोलीकडे पाहिलं. खोली रिकामी होती.

"मी तिला जायला लावत नाहीये," सोलिका हळू आवाजात म्हणाली. "पत्रात तिलाच बोलावलंय ना? जाऊ दे तिला आत, एकटीला. आई खोटं बोलली, मी धर्म पाळते, सूट हवी, असं तिनं सांगितलं तर देतील ते. तिचं सगळं खरंच आहे. आणि तिला जायचं असेल तर तेही तीच सांगेल. तू बाहेर बाकावर बस. काही होत नाही बसल्यानं. मी दोनदा बसले आहे."

दोनदा कसं, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पहिल्यांदा ती अठरा वर्षांची होती.

समोरच्या कागदावर सहीची जागा तेवढी राहिली होती. वरच्या ओळीत शाईचा ठिपका वाटाण्याएवढा झाला होता. बावीस वर्षांत आत न बघता त्यानं कशावर सही केली नव्हती. त्यानं पेनाला टोपण लावलं. मग ते पुन्हा काढलं, पुन्हा लावलं, आणि कागद तसाच ठेवून तो उठला. कुठे जायचं हे न कळून बैठकीच्या मध्यावर उभा राहिला.

सोलिकानं ढिगातली मोठी चादर उचलली, तिची दोन टोकं शोधली आणि त्याच्यासमोर धरली.

"धर."

त्यानं धरली. ती मागे सरत सरत खिडकीपर्यंत गेली, तशी चादर त्या दोघांत उघडत गेली.

"ताठ धर," ती म्हणाली. "सुरकुती राहता कामा नये."